ओठाच्या आतला तुकडा

बांबोळीला, तळमजल्यावर,
मेणाच्या ठोकळ्यातून पातं सरकतं.
पाच मायक्रॉनची चकती
कोमट पाण्यावर तरंगते, सुरकुती मोडते.
क्रमांकाखाली नाव: कितेरिया. गाव जुवें.
बाणस्तारीच्या बाजारात भेंडी विकते.

थोरला भाऊ गेला तेव्हा
रडू आलं, आसवं आली नाहीत.
इगर्जीच्या पायरीवर बायका
तिच्या कोरड्या डोळ्यांकडे बघत राहिल्या.
पावसुद्धा आता
पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही.

रंग चढवला. केंद्रकं जांभळी, बाकी गुलाबी.
भिंगाखाली पेशी
खाजनाच्या बांधासारख्या,
एकीकडे खारं, एकीकडे भात,
मध्ये भरतीला आपोआप मिटणारं मानशीचं दार.
वरच्या काठाला इतक्या घट्ट शिवलेल्या
की थेंबालाही विचारून जावं लागतं.
त्याखाली टिचबटणं.
आणि अधूनमधून बारीक झरोके:
शेजारीण गडग्यावरून हुमण देते
तसा एकीचा निरोप दुसरीला.

खरं तर यातलं काही
माझ्या भिंगाला दिसत नाही.
शिकताना पाठ केलं होतं.
बघताना आठवतं, एवढंच.

ग्रंथी कशी होते, तेही.
सगळ्या एका ओळीत उभ्या असतात,
मग कुणीतरी आत झुकते,
हात न सोडता.
तिच्यामागे शेजारीण, मग अख्खी ओळ
खाली, मऊ अंधारात.
गल्ली होते, गल्लीला फाटे,
आणि टोकाशी जांभळांचे घोस
रस धरून.

कितेरियाच्या तुकड्यात
घोस आहेत. हात अजून हातात.
पण गल्लीच्या कडेला
गडद निळ्या ठिपक्यांची गर्दी,
तिचेच रखवालदार
तिच्याच मानशीवर चालून आलेले.
दोन घोस आधीच पुसट.

मी तंत्रज्ञ.
ठिपके मोजायचे डॉक्टरांनी,
सहीही त्यांचीच.

दुपारी ती खिडकीशी आली.
पिशवीत सात शिरांची भेंडी, माझ्यासाठी.
"म्हजीं दुकां मेळ्ळीं गो तुका?"
मी म्हटलं, बुधवारी या.

घरी भेंडी चिरायला घेतली.
बोटांना बुळबुळीत तार लागली,
विळीपासून ताटलीपर्यंत लांबत गेली,
तुटेना.