टचिंग

डॉक्टर होनराव म्हणाले, तिशीतला एखादा फोटो आणा,
म्हणजे कुठं किती भरायचं ते कळेल.

उदगीरला आमचा स्टुडिओ होता, चौबाऱ्याच्या अलीकडं.
पुढं पडदा, पडद्यावर काश्मीर,
मागं अंधाऱ्या खोलीत मी.
फोटो हे काढायचे. चेहरे मी करायची.

निगेटिव्हमध्ये सुरकुती काळी नसते,
उजेडाची बारीक चीर असते.
काचेवर ठेवायची, खालून आरशाचा उजेड घ्यायचा
आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं
ती चीर भरत जायची, ठिपका ठिपका,
श्वास धरून.
नायब तहसीलदाराच्या कपाळावरच्या आठ्या मी भरल्या.
स्थळाला पाठवायच्या फोटोंतले देवीचे वण भरले.
एका अडत्याच्या आईच्या डोळ्यांखालची पन्नास वर्षं
एका दुपारीत भरली,
तर तो म्हणाला, ही कोण?
पैसे मात्र देऊन गेला.

आता तेच काम माझ्यावर.
लातूरला, औसा रोडला, लिफ्टच्या दवाखान्यात.
बाहेरचं काही घालत नाही, डॉक्टर म्हणाले,
तुमचंच तुम्हाला.
पोटाची चरबी ओढायची, धुवायची, गाळायची,
बारीक सुईनं गालात सोडायची.
निम्मी टिकते, निम्मी अंग पिऊन टाकतं.
मी म्हणलं, उसनवारीत एवढं बुडतंच.

शेजारच्या शमशादआपा दारातच हसल्या,
आता तोंडाला चढणार का चरबी तुमच्या?

कधीची आहे ती, मला ठाऊक आहे.
धाकट्याच्या वेळची.
डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, सव्वा महिना बाज.
सासूबाईंनी जुन्या धोतरानं पोट आवळून बांधलं, तरी राहिली.
तो आता पुण्यात. रविवारी व्हिडिओ कॉल लावतो,
म्हणतो, आई, फोन जरा लांब धर.

तर फोटो.
ट्रंकेत तिशीतले माझे अकरा निघाले.
एकेक भिंगाखाली धरला.
सगळ्यांवर माझीच पेन्सिल.
नाकाजवळची घडी भरलेली,
हनुवटीवरचा तीळसुद्धा भरून घालवलेला.
गिऱ्हाईक संपल्यावर, रात्री, कुणी न सांगता
मी स्वतःला भरत बसले होते.
तिशीत!
तेव्हा काय होतं भरायला?

एकच सुटला होता,
मतदानाच्या ओळखपत्रावरचा.
जिल्हा परिषदेच्या शाळेत रांगेत उभं करून
सरकारी माणसानं काढलेला.
एक भुवई वर, तोंड अर्धवट उघडं,
डाव्या डोळ्याशी तीन रेघा,
पेन्सिल धरताना तो डोळा बारीक करून करून पडलेल्या.
तीळ जागच्या जागी.

तोच नेला.
डॉक्टरांनी चष्मा वर केला, म्हणाले, यात तर रेघा आहेतच की.
म्हणलं, असू द्या. ह्या तीन सोडून भरा.
त्यांनी जांभळ्या पेननं चेहऱ्यावर खुणा केल्या.
डाव्या डोळ्याशी आले, थांबले,
आणि वळसा घालून खाली गेले.
हात बरा होता. ठिपक्याला ठिपका चिकटवत नव्हते.

नळीतून आली ती पिवळी, भाकरीवरच्या तेलासारखी.
नसीम सिस्टर म्हणाली, बघू नका.
मी बघितली.
एवढी वर्षं अंगात होती, तोंडओळख नव्हती.

संध्याकाळच्या उदगीर गाडीला जागा मिळाली.
तोंड सुजलेलं, वरून स्कार्फ गुंडाळलेला, नुसते डोळे उघडे.
बायकांना आता अर्धंच तिकीट, वय कुणी विचारत नाही.
नळेगाव सोडलं नि दिवे गेले आतले,
काचेत मी उमटले,
काळ्यात पांढरी.
खड्डा आला की पोट ठणकायचं,
गाल गप्प.
त्यांची अजून ओळख व्हायची होती.