राहू दे ते

मंत्रालयात एकतीस वर्षं मी लघुलेखक होतो.
माणसं बोलायची, मी रेघा ओढायचो.
रेघ जाड की बारीक, टिंब वर की खाली,
त्यावरून ठरायचं, ‘करू’ की ‘करून घेऊ’.

कुमुदिनीबाई राऊळ तेव्हा गृहनिर्माण बघायच्या.
बघायच्या, हा शब्द मी जपून वापरतोय.
बघण्यासारखं पुष्कळ होतं:
उपकरप्राप्त इमारती, टेकू लावलेले जिने,
आणि प्रतीक्षानगरच्या संक्रमण शिबिराची ती फाईल,
जिच्यातल्या अर्जदाराची नात आता अर्जदार होती.

त्या दिवशी गिरगावात एका चाळीची मागची बाजू बसली.
कोसळली असं लिहायचं नाही, अशी तोंडी सूचना होती.
रात्री पावणेदोनला बाई तिथून परतल्या,
चपलांना चुना, पदराला चुना.
गंगावणे शिपायाने ठेवलेल्या चहावर साय धरली.
सकाळी आठला पत्रकार.
“घ्या,” म्हणाल्या.

मी घेतलं.
सरकार संवेदनशील आहे.
मदतकार्य युद्धपातळीवर; याला आमच्याकडे एकच खूण होती,
इतकं ते लागायचं.
दोषींची गय केली जाणार नाही.
मग नुसता पंखा.
मग खिडकीकडे तोंड करून,
जिथे दिवसा समुद्र असतो त्या काळोखाकडे बघत,
“मला हे झेपत नाही.
माझ्या आधीच्यांनाही झेपलं नव्हतं, ते बोलले नाहीत.
रोज सकाळी यादी उघडते
आणि एवढंच मनात येतं, आज कुठली.”

माझा हात थांबला नाही. हाताला अर्थ कळत नसतो.
झेपत नाही: एक आकडा, एक तिरकी रेघ, संपलं.

“हेही टाईप करू, मॅडम?”
त्यांनी पर्स उचलली, चष्मा शोधला,
तो डोक्यावरच होता.
“राहू दे ते,” म्हणाल्या, आणि लिफ्टकडे गेल्या.

आता भाषा तुमचीही आहे, तुम्हीच सांगा.
राहू दे, म्हणजे ठेव?
की राहू दे, म्हणजे सोड?

मी सोडलं.
सकाळी कॅमेऱ्यांसमोर त्यांनी कागद वाचला.
शेवटची ओळ झाली, तशी पान उलटून मागे पाहिलं.
मागे कोरं होतं.
जरा वेळ त्या कोऱ्याकडेच पाहत राहिल्या,
मग म्हणाल्या, “प्रश्न?”

बाहेर व्हरांड्यात चाळीतली एक बाई उभी होती,
मनोरमा पाटकर, हात गळ्यात बांधलेला.
मला विचारलं, “यांना जमेल ना हो?”
मी म्हणालो, जमेल.
तिचा चेहरा सैल पडला.
त्या सैल पडलेल्या चेहऱ्यावर मी पुढे कित्येक वर्षं
माझी सफाई उभी केली:
बुडणाऱ्याला नावाड्याने सांगू नये की मलाही पोहता येत नाही.

पण ती घरी गेली, म्हणजे शिबिरात गेली,
जमणार आहे म्हणून गप्प बसून राहिली,
आणि तिथेच वारली, दहा बाय बारात,
ताबापत्राची झेरॉक्स उशाला.
झेपत नाही हे ऐकलं असतं तर
कदाचित रडली असती, कदाचित चप्पल काढली असती.
कदाचित पायरीवर बसली असती,
चाळीतल्या चाळीस जणांना घेऊन,
की चला, कसं झेपवायचं ते मिळून बघू.
कदाचित यातलं काहीच नाही. बाईंचं खातं मात्र नक्की गेलं असतं.
तसंही ते वर्षभरात गेलंच.

माझ्या निरोपाच्या दिवशी मला दोन शब्द बोलायला लावले.
पाठ दुखत होती, डोळे गेले होते,
शेवटची सहा वर्षं मी मागे पडत होतो, मला माहीत होतं.
म्हणालो, सेवेची संधी मिळाली, समाधानी आहे.
टाळ्या.

वही अजून कपाटात आहे.
नातू म्हणतो, मुंग्या चालल्यात.
ती लिपी वाचणारा आमच्या मजल्यावर आता कोणी नाही.
परवा सुनेने रद्दी काढली, वही वर धरून विचारलं,
“बाबा, ही?”
“राहू दे,” म्हणालो.
ती गेली नाही. तशीच उभी, वही हातात.
“राहू दे म्हणजे नक्की काय?
ठेवू, की देऊ?”