खळं

तळघरात, लिफ्टच्या मागे आमची लॅब.
मुंबई नाक्याचे हॉर्न इथवर पोचतात,
ऊन पोचत नाही.
सकाळी थाळी काढून ट्यूबलाइटखाली धरते.
जेलीवर जंतूंनी साय धरलेली,
मधे औषधाच्या पांढऱ्या टिकल्या,
आणि औषध चालत असेल तर
टिकलीभोवती एक रिकामा, स्वच्छ गोल.
पुस्तकात त्याला इंग्रजी नाव आहे.
मी खळं म्हणते. चंद्राला पडतं ते.

नोकरीला लागले तेव्हा पट्टीने मोजायची हौस होती:
बावीस मिलिमीटर, पंचवीस.
आता जंतू टिकलीला खेटून बसतात,
जेवण झालेले वऱ्हाडी मांडवाच्या खांबाला टेकतात तसे.

गुरुवारी तीनला समिती. खुर्च्या सात.
येतो आम्ही तिघं: मी, फार्मसीतला इरफान अत्तार,
आणि सिस्टर भोये, ज्यांची ड्यूटी दोनलाच संपलेली असते.
मॅनेजर दारातूनच तक्ता बघतात
आणि विचारतात, या महिन्यात इंजेक्शनांचा खप का पडला?

आमचा एक फॉर्म आहे, राखीव औषधांसाठी.
'कशासाठी' याच्यापुढे डॉक्टर खैरनार लिहितात: तब्येत.
'किती दिवस': बघू.
फोन केला तर म्हणतात,
मॅडम, तुमच्या थाळीला नातेवाईक नसतात.
कळवणहून दोन जीप भरून माणसं आलीत खाली,
येता का सांगायला, की थांबा दोन दिवस,
जंतू उगवू द्या?

मी गेले नाही.

मग परवा रात्री दीडला रेसिडेंटचा फोन.
बेड नऊ, सटाण्याची बाळंतीण, ताप एकशे तीन.
बीपी ठीक, लघवी ठीक, कल्चर अजून कोरं.
नियमात पायऱ्या आहेत. नियम मीच लिहिलाय.
पलीकडे पोर श्वास रोखून उभं होतं,
की माझाच श्वास ऐकू येत होता, कोण जाणे.
म्हटलं, दे. सगळ्यात वरचं दे.

सकाळी फॉर्म मीच भरला.
'कशासाठी' याच्यापुढे पेन थांबलं,
आणि मी लिहिलं: भीती.
इरफानने वाचलं. काही न बोलता फाइलला लावलं,
खैरनारांच्या 'तब्येत'च्या वर.

दुपारी थाळी बोलली. साधा जंतू.
साध्या औषधाभोवती सव्वीसचं खळं,
किती तरी दिवसांनी एवढं मोठं.
खैरनार म्हणाले, ताप उतरतोय, आता कशाला छेडता?
मी जिना चढले.

बाईचा भाऊ पायरीवर बसून पावत्या जुळवत होता.
मोबाइलमधला फोटो दाखवला, बोटाने गोल फिरवून सांगितलं,
इथे ते जगत नाहीत. हे औषध पुरे.
तो बघत राहिला.
"साधं, म्हणजे स्वस्तातलं का?"
हो, म्हटलं.
"पैसे आहेत आमच्याकडे, मॅडम.
आडत्याकडून उचल घेतलीय."

त्याला सांगायला माझ्याकडे एक सबंध शतक होतं,
आणि त्याच्याकडे एक बहीण.
मी एवढंच म्हटलं, रोज सकाळी मी स्वतः येऊन बघेन.
त्याने पावत्या खिशात घातल्या.
पटलं नव्हतं. मान हलवली.

आज तिसरी सकाळ. ताप अठ्ठ्याण्णव.
बाळ पाळण्यात ओरडतंय, सिस्टर भोये हात धुतायत,
घाईत, पण कोपरापर्यंत.
इरफान तक्ता भरतोय.
फ्रीजमध्ये न फोडलेल्या अकरा बाटल्या आहेत.
त्या कुठे मांडू, विचारतो.
त्यांचा रकाना नाही.