चौथं गाणं

केजेतिया बाजाराच्या मागच्या गल्लीत
अचेंपाँग तबकडी कडांनी धरतो,
बल्बखाली तिरकी करतो.
सहाराकडून उडत आलेली धूळ आधी पुसतो,
धुळीला तो दोष मानत नाही.

चरा दिसला की नख फिरवतो.
नखाला लागला तर सुईलाही लागणार.
कव्हराची पाठ वाळवीने चाखलेली,
पुढे, आतल्या तबकडीनेच घासून उमटवलेलं कडं,
कोपऱ्यात निळ्या शाईत: सेरवा, कुमासी, १९७४.
नाव लिहिलं की भाव उतरतो, तो म्हणतो.
म्हातारी म्हणते, माझंच आहे, उतरू दे.

दुसरी बाजू.
तीन गाणी झिजून राखाडी,
चौथं काळंभोर, ओलं असल्यागत.
हे कुणी वाजवलंच नाही?

"तो उठायचा. दर वेळी.
सुई उचलून ठेवायचा."
आणि तुम्ही?
"मी भांडी घासत असायचे."

अचेंपाँग भाव सांगता सांगता थांबतो.
वायर बॅटरीला जोडतो,
सुई नेमकी त्या काठावर आणतो
जिथे इतकी वर्षं
एक हात आडवा येत होता.

"थांब," सेरवा म्हणते.
"आधी पैसे मोज."