चाळीस कप

पेझलीत रात्रभर बर्फ पडत होता.
तरी आठाच्या ठोक्याला चर्चचं कुलूप मी काढलंच.
बावीस वर्षांत एक रविवार चुकला नाही,
हे मी लोकांना सांगते.
विचारलं नाही तरी सांगते.

हीटर लावला, गीतपुस्तकं मांडली,
चाळीस कप, चाळीस बशा,
कान तुटलेला एक माझ्यासाठी.
मग पाळकांचा फोन: रस्ते बंद, उपासना रद्द.
मिसेस मॅक्फेल येणार नाहीत.
बिस्किटं मोजायला लावणारा तो ड्युगल्डही नाही.

करण्यासारखं काही उरलंच नाही.
तिसऱ्या बाकावर बसले, कोट न काढता,
किल्ल्यांचा जुडगा मांडीवर.
आणि प्रभू, कधी नव्हे ते
आपण दोघंच.

काय बोलायचं तेच सुचेना.
ज्याला जन्मभर गरमगरम वाढलं
त्याच्यासोबत एकदाही जेवायला बसले नाही,
तशी मी.

नगरला आई पहाटे, चूल पेटवायच्या आधी,
शेणानं सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकायची.
"आधी त्याला, मग चहाला."
मी पाठीमागून वेणी पुढे करायची,
घाल ना गं लवकर, शाळेची घंटा होईल.
ती उठायची नाही.

तू वर्गणीची वही मागितली नाहीस.
कपांकडे तर पाहिलंही नाहीस.
मी जुडगा खाली ठेवला,
रिकाम्या चर्चमध्ये केवढा आवाज झाला त्याचा.

मागच्या खोलीत पाणी उकळून उकळून
बटण आपोआप बंद झालं. टक्.
एरवी धावले असते.