निरंक

माझ्याकडे चौदा रकाने होते आणि एक पेन,
पेनाला दोरा, कुणी ढापू नये म्हणून.
आता ते कुणी हातातही घेत नव्हतं.

इंदूर, रामबाग, एप्रिल, सकाळचे नऊ.
कचरागाडी गाणं वाजवत निघून गेलेली,
रस्ता इतका झाडलेला
की आपल्या चपलांचीच लाज वाटावी.
बेल कोपरानं वाजवायची.
बुखार? नाही. खांसी? नाही.
विदेश यात्रा?
इथे मात्र बंद घरं बोलायला लागायची.

श्रीखंड्यांची मुलगी बोलोन्याला.
तिथे म्हणे स्वतःच स्वतःला अर्ज लिहायचा:
कुठे चाललो, कशासाठी.
कुत्र्याला फिरवायची तेवढी मुभा, म्हणून
खालच्या मजल्यावरचं एक म्हातारं कुत्रं
दिवसातून सहा माणसांबरोबर फिरतं, दमून जातं.
मी हसले. याच बिल्डिंगीत
बीपीच्या गोळ्यांची एक चिठ्ठी
चार घरांतून फिरून राहिली होती, मला ठाऊक होतं.
पोलिसाला नावापुरता अंगठा आडवा धरून दाखवायची.

मतकर काकूंचा पुतण्या जहाजावरचा,
पनामात अडकलेला.
तिथे बायकांनी सोमवार, बुधवार, शुक्रवार बाहेर पडायचं,
पुरुषांनी मंगळ, गुरू, शनि.
"आपल्या उपासांसारखंच की गं," काकू म्हणाल्या.
आणि रविवारी?
"रविवारी कोणीच नाही."
मग त्या बराच वेळ ग्रिल धरून उभ्या राहिल्या.

उप्सालाचा जावई सांगायचा, इथे हुकूम नाही, फक्त सुचवणं.
लोक आधीपासूनच लांब बसतात,
नियम कधी आला ते कळलंच नाही.

पुलाखाली भुरिया होता, बायको, दोन पोरं.
विदेश यात्रा?
"सूरत से. पैदल."
पायांकडे बघून मी रकाना शोधत राहिले.

एका गल्लीत दगड आला.
छोटाच, उन्हानं तापलेला.
कुणी उठवलं होतं की आम्ही नावं लिहून नेतो
आणि नाव गेलेला माणूस परत येत नाही.
आमच्या साहेबांनी अफवा म्हणून कळवलं.
मीही सही केली.
पण पुंडलिक मास्तर माझ्याच यादीवरून गाडीत बसले होते,
डबा विसरला म्हणून एकदा उतरले,
पुन्हा बसले,
आणि नाही आले.

पुढे ऑगस्टात मेलबर्नहून भाऊ म्हणाला,
घराभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ आखून दिलंय.
नकाशावर त्यानं कंपास फिरवला,
समुद्राचा एक तुकडा आत येत होता,
तेवढ्यावर तो खूश होता.
मी विचारलं, आणि कुणी मोडलं तर?
"शेजारी फोन करतात," तो म्हणाला. "तुमच्याकडे?"
मी म्हटलं, आवाज तुटतोय.

कारण त्याच सकाळी
मी पोह्यांच्या फोडणीत हिंग टाकला होता, चांगला चिमूटभर,
आणि सासूबाई म्हणाल्या,
आज हिंग नाही का घातलास?

मी ढवळत राहिले.
कढई खाली लागेपर्यंत ढवळत राहिले.

घर क्रमांक एकोणचाळीस. सदस्य पाच.
बुखार, खांसी, गंध, स्वाद:
चारही चौकोनांत माझ्या वळणदार अक्षरात
निरंक.
दुसऱ्यांच्या दारात हा शब्द
मी हजारदा लिहिला होता.
पहिल्यांदाच कळलं, त्यात अंक आहे.

त्यांना मागच्या खोलीत ठेवलं. ताट दाराशी.
मुलाला सांगितलं, आजीचे गुडघे दुखतात.
कामाला जात राहिले, बेली वाजवत राहिले,
कोपरानं.

नवव्या दिवशी दुपारी त्या आतून म्हणाल्या,
कुणीतरी शेव तळतंय गं. लवंगेची.

शेजारच्या दाराला चार दिवसांपासून
बांबू आडवे बांधलेले होते.
आत माणसं होती.
शेव तळून राहिली होती.

मी जिन्यात उभी होते, रजिस्टर छातीशी धरून.
बेल वाजवली नाही.