कोणासाठी

शिंदे गावच्या शाळेत सातवीच्या वर्गातले बाक
भिंतीशी रचून ठेवलेले, पाय वर करून.
दाराशी सिस्टर आगस्टिना वही घेऊन बसलेल्या.
नाव, गाव, वय, कोणासाठी.

माझ्या पुढच्या पोरानं शेवटच्या रकान्यात लिहिलं, बारावी.
मी लिहिलं, झोप.
सिस्टरनी चष्म्यावरून पाहिलं.
"इथं माणसाचं नाव येतं, मावशी."
मग राहू द्या मोकळं, मी म्हटलं.
मोकळं त्यांना चालेना. पट्टी घेऊन
एक आडवी रेघ मारली, सरळ.

संगमनेरहून निघालो तेव्हा आम्ही बेचाळीस.
नांदूरशिंगोट्याला तिघं एसटीत चढले, मान खाली घालून.
सिन्नरच्या बाहेर टपरीवाला म्हणाला,
"चुकलात की, शिर्डी मागं राहिली."
नाशिकरोड, बाळयेशू, असं सांगितल्यावर
त्यानं चहात आलं वाढवलं, पैसे तेवढेच घेतले.
मोहदरीच्या घाटात खरंच शिर्डीचे समोरून आले,
पालखी, डीजे, अनवाणी पोरं.
आमच्याकडं मलम होतं, त्यांच्याकडं पट्ट्या.
रस्त्याच्या कडेला बसून दहा मिनिटं
एकमेकांचे फोड पाहिले.

रात्री वर्गात मधोमध दोन साड्यांचा पडदा,
अलीकडं बायका, पलीकडं पुरुष.
फेब्रुवारीची थंडी फरशीतून वर येते.
दहाला दिवे गेले. साडेदहाला सुरू झालं
घोरणं.

ह्यांना जाऊन अकरा महिने झाले.
एकतीस वर्षं मी कोपरानं ढोसलं त्यांना,
सरका, वळा, शेजारी काय म्हणतील.
आता घरात फ्रीज बंद झाला तरी दचकते.
डॉक्टरनं गोळी दिली, फादरनी स्तोत्र दिलं,
लेकीनं मोबाइलवर पावसाचा आवाज लावून दिला.
पाऊस घोरत नाही.

आणि इथं शेजारच्या चटईवर
एक बाई, पूर्ण अनोळखी,
खोल ओढायची, मग थांबायची,
सिग्नलला गाडी थांबावी तशी,
मी मोजायचे, चार, पाच,
आणि सुटायची.
तोच थांबा. तोच सुटका.
अर्धवट गुंगीत माझं कोपर गेलंच.
"सरकते गं," ती म्हणाली, आणि सरकली,
आणि पुन्हा सुरू.
त्यापुढचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा फळ्यावर ऊन होतं,
लसावि-मसाविची अर्धी पुसलेली गणितं.
वर्ग रिकामा. चटया गुंडाळलेल्या, माझी सोडून.
पाचलाच निघाले सगळे, सिस्टर म्हणाल्या,
तुमचं तोंड उघडं होतं, उठवावंसं वाटेना.
चहा पिता पिता मी वही चाळली.
माझ्या खालचं नाव : मार्था ओहोळ, शेवगाव, वय चौसष्ट.
कोणासाठी : सून.
आणि जागा पुरली नाही म्हणून समासात,
माझे घोरणे बंद व्हावे. ओट्यावर झोपवितात.

उरलेला रस्ता एकटीनं चालले,
पळसे, टोलनाका, द्राक्षाच्या क्रेटांच्या गाड्या.
काही सुचत नव्हतं.
जे मागायला निघाले ते आदल्या रात्रीच घेऊन बसलेले,
तेही जिच्याकडून घेतलं,
ती ते टाकून द्यायला चाललेली.

रांग तीन तास. पुढं कुठंतरी तिचा जांभळा स्कार्फ.
बाळयेशूसमोर मला मिळाले सात-आठ सेकंद,
मागून स्वयंसेवक, चला, चला.
मेणबत्ती लावली मार्थाबाईंच्या नावानं.
म्हटलं, थांबव बाबा तिचं घोरणं,
म्हातारपणी ओट्यावर नको.
पण घाई करू नकोस.
आज रात्री मंडपात मुक्काम आहे आमचा.